पहिला बाप्तिस्मा कोणाचा?

आमच्या गावातल्या बाप्टिस्ट चर्चची सुरुवात कशी झाली ते पुस्तिकेसाठी लिहून द्या, असं पाळकसाहेबांनी सांगितलं, तेव्हा मी लगेच हो म्हटलं. शाळेतून निवृत्त झालेली मी, आणि ही गोष्ट तर मला पाठच होती. नदीच्या डोहात पहिला बाप्तिस्मा माझ्या आजोबांनी घेतला. मंडळीच्या बाप्तिस्मे नोंदवायच्या जुन्या वहीतही पहिलं नाव त्यांचंच. पंधराव्या वर्षी त्याच डोहात मी छातीभर पाण्यात थरथरत उभी होते, तेव्हा बाबा काठावरून म्हणाले होते, "भिऊ नको. तुह्या आजोबानं इथंच सुरुवात केली." त्या एका वाक्याच्या भरवशावर मी पाण्याखाली गेले.

तरी एकदा विचारून घ्यावं म्हणून कळंबला आत्याकडे गेले. ती तुरीच्या शेंगा सोलत बसली होती.

"तुह्या आजोबाले पान्याचं लय भेव," ती म्हणाली. "ते काठावरच उभे राह्यले. पह्यले माही माय उतरली."

"मंग वहीत त्यांचं नाव काहून?"

"मले काय मालूम? मी तं जलमलीच नोती. मायनंच सांगितलं."

आजी माझ्याशी याबद्दल एक अक्षरही बोलली नव्हती. का, हे परतीच्या एसटीत मला काही केल्या कळेना.

मंडळीतले सगळ्यात वयस्कर काका होते, त्यांना जाऊन विचारलं. त्यांचे वडील त्या दिवशी डोहावर होते. माझं ऐकून ते तडकलेच.

"दोघंय नाई! पह्यली डुबकी माह्या बापानं घेतली. लिहिता येनारे तुहे आजोबा एकटेच, म्हून त्याइचं नाव वर."

वहीतलं अक्षर आजोबांचंच आहे का ते पाहायला घरी येऊन त्यांच्या बायबलवरची सही मंडळीकडून आणलेल्या वहीशेजारी ठेवली. 'म' अगदी तसाच. 'ल' मात्र वेगळा. चष्मा पुसून पाहिलं, खिडकीशी नेऊन पाहिलं, काही ठरेना.

रविवारी उपासनेत मी तिन्ही हकिगती वाचल्या. काकांनी फक्त आपल्या वडिलांच्या नावाला मान डोलावली. बाहेर पडताना पाळकसाहेबांनी विचारलं, "मग पहिलं कोण, बाई?"

"मला नाही माहीत," मी म्हटलं.

त्यांनी पुस्तिकेत पहिला बाप्तिस्मा 'काही विश्वासणाऱ्यांनी' घेतला, एवढंच छापलं. ते वाचून मला बरं वाटलं की वाईट, हे मला अजून सांगता येत नाही.