सेराफिनची मे महिन्यातली चढाई

उंच बर्फाळ डोंगरातल्या फेन्ट गावात मे महिना अर्धा सरला की शहाणी माणसं स्कीच्या फळ्यांना मेण लावून त्या माळ्यावर टाकतात. नोटबुर्गाच्या नवऱ्याच्या, सेराफिनच्या, फळ्या मात्र अजून दारातच उभ्या होत्या आणि येता-जाता तिच्या पायात येत होत्या.

"हवा चांगली आहे. उद्या जाऊन येऊ, शेवटचं," सेराफिन म्हणाला.

"शेवटचं तर ईस्टरला झालं ना?"

"ते थंडीतलं शेवटचं. हे वसंतातलं."

नोटबुर्गाला सगळे बुर्गल म्हणत. तिचा बाप वरच्या हिमनदीजवळचं गिर्यारोहकांचं निवासस्थान चालवायचा, त्यामुळे तिचं बालपण तिथेच गेलं. तेव्हा बर्फ पार निवासस्थानाच्या अंगणाखाली येऊन थांबायचा. आता तिथे नुसता दगडांचा खच होता आणि हिमनदी गाठायला लोखंडी शिडीवरून खाली उतरावं लागे. लग्नानंतर ती वर्षानुवर्षं शाळेची बस चालवत आली होती, आणि वळणांच्या रस्त्यावर पोरांचा दंगा ऐकूनही तिचा तोल जात नसे. तो घालवायला सेराफिन एकटा पुरे होता.

ती गेली नाही तर तो एकटा जाणार, हे तिला पक्कं माहीत होतं. म्हणून ती निघाली. दोघं पाठीवर फळ्या बांधून कोवळ्या गवतातून चढू लागली, तेव्हा कुंपणाची तार ताणत उभा असलेला शेजारी एगिड म्हणाला, "बुर्गल, त्या फळ्यांनी गवत कापणार की काय?"

"याला विचार," ती म्हणाली.

वाटेत कुठे टेबलक्लॉथएवढा बर्फ दिसला, तरी सेराफिन फळ्या उतरवून पायात चढवायचा, चार पावलं सरकायचा आणि पुन्हा सोडायचा.

"अरे, चालत गेलास तर लवकर पोचशील."

"सवय राहते पायांना."

"आणि मी उभी राहते, त्याचं काय?"

हिमनदीवर पोचून फळ्या पायात चढवताना ती बघतच राहिली. वाळवंटातून वाऱ्याबरोबर आलेल्या तांबूस धुळीने बर्फ मळकट झाला होता. मधूनमधून खालचा जुना, टणक, करडा बर्फ उघडा पडला होता आणि पायाखाली कुठेतरी पाणी वाहत असल्याचा आवाज येत होता. भेगांवर जिथे थंडीत जाड बर्फाचे पूल असतात, तिथे आता नुसत्या खोलगट रेघा होत्या.

"दोर बांधू," ती म्हणाली.

"इथे? या रस्त्याने मी डोळे मिटून येतो."

"मग मीट डोळे. मी बांधते." तिने त्याच्या कमरेच्या पट्ट्यात दोर अडकवला, कुणी भेगेत गेलं तर काठावर अडाव्यात म्हणून मधल्या दोरात गाठी मारल्या आणि स्वतः मागे राहिली.

ऊन चढलं तसा बर्फ मऊ पडला. काठी टेकली की मुठीपर्यंत आत जायला लागली.

"सेराफिन, बास. इथून परत."

"ती खिंड बघ, समोर तर आहे."

"खिंड कुठे पळून जात नाही. बर्फ चाललाय."

"म्हणूनच तर," असं म्हणत तो पुढे सरकला, आणि काखेपर्यंत खाली गेला.

दोराला हिसका बसला. बुर्गल मागच्या मागे बसली, फळ्यांच्या कडा बर्फात रुतवल्या आणि दोर कमरेशी आवळून धरला. समोर नवऱ्याचं डोकं, खांदे आणि बर्फावर पसरलेले हात दिसत होते.

"लागलं का?"

"नाही. एक फळी गेली."

"खाली काय आहे?"

"निळं आहे. बरंच."

"हलू नकोस. दुसऱ्या पायातली फळी सोड आणि कोपरांवर जोर दे."

"ती नाही सोडणार. बूट अडकवायची नवीन पकड बसवलीय तिला."

"सेराफिन."

"वर घेतो, थांब."

तिने दोर आणखी आवळला. ओरडली असती, पण दोर ढिला झाला असता. सेराफिन वेडावाकडा वाकून चाचपडला आणि कशीबशी ती फळी त्याने वर काढली. मग भेगेवर ती आडवी टाकली आणि तिच्यावर छाती टेकली. बुर्गलने सगळं अंग मागे टाकून दोर ओढला. तो पोटावर सरपटत, धापा टाकत बाहेर आला. फळी उपयोगी पडली, याचा तिला आणखीनच राग आला.

"बघितलंस?" तो म्हणाला.

"एक शब्द बोलू नकोस."

परतताना भेगांचा पट्टा त्यांनी ताणलेल्या दोरानेच ओलांडला. पुढे सपाट, उघड्या बर्फाच्या कडेला भुसभुशीत बर्फाची पांढरी चिंचोळी पट्टी खालपर्यंत गेली होती. तिथे दोर सोडल्यावर सेराफिन एका फळीवर उतरायच्या बेताला आला. तिने ती काढून त्याच्या पाठीवर बांधली आणि बुटांना लोखंडी काटे लावून त्याला चालायला लावलं. स्वतः मात्र पट्टीवरून निघाली. वरचा थर जाड साखरेसारखा सुटलेला होता, फळ्या त्यात अलगद वळत होत्या. उतार इतका सुरेख निघाला की ती वळणं घेत खालच्या दगडांपर्यंत गेली. आपल्याला मजा आली, हे कळून ती चरफडली. मग दगडावर बसून काळा पाव खात तिने त्याची वाट पाहिली. तो ठिपक्याएवढा दिसत होता आणि मधेच थांबून मागची खिंड बघत होता.

"चाल," वर त्याला ऐकू जाणार नाही हे माहीत असूनही ती म्हणाली.

पुढच्या वर्षी मेच्या आधीच हिमनदी उघडी पडली. सेराफिन एकदा पायीच वर जाऊन आला. आल्यावर त्याने बूट काढले आणि जेवेपर्यंत काही बोलला नाही. बुर्गलला ते सहन होईना. बडबडला असता तर भांडता तरी आलं असतं.

"ऐक," तिने त्याच्या ताटात आणखी एक उकडलेला पिठाचा गोळा वाढत म्हटलं, "पुढच्या वेळी फेब्रुवारीत जाऊ. बर्फ असतो तेव्हा. सगळी माणसं जातात तसं."

सेराफिनने विचार केला.

"फेब्रुवारीत फार थंडी असते," तो म्हणाला.

बुर्गलने डाव खाली ठेवला आणि बाहेर जाऊन लाकडं फोडायला घेतली.