काळमाशीची जोडी

हे मी नवऱ्यालाही सांगितलं नाही, पोटच्या लेकीलाही नाही. सिद्धेश्वराच्या देवळात हात जोडून उभी राहायची तेव्हासुद्धा एवढं वगळून बाकी सगळं बोलायची. त्याला काय ठाऊक नसेल? पण तोंडातून निघायचंच नाही. आज तुम्ही समोर बसला आहात, म्हणून बोलते. मधेच थांबले, तर थांबू द्या.

आम्ही सोलापुरात गिरणीच्या चाळीत राहत होतो. शेजारच्या खोलीत गौराक्का. माझ्यापेक्षा पंधरा-वीस वर्षांनी मोठी, एकटी. तिचा नवरा रेल्वेत फायरमन. बदली होऊन खांडव्याकडे होता, आणि सुटीला येताना तिकडच्या काळमाशी कोंबड्या घेऊन यायचा. आपल्याकडे तेव्हा ती जात कुणी पाहिलेलीच नव्हती. पीस काळं, तुरा काळा, जीभ काळी — कापली तर मांससुद्धा काळं, हाडंही काळी! चाळीतल्या बायका बघायला यायच्या आणि तोंडाला पदर लावायच्या.

गौराक्काचा त्या कोंबड्यांवर जीव. चाळीमागं तिचं खुराडं होतं. गावठी कोंबडा जवळ फिरकला की काठी घेऊन धावायची. पिल्लू निघालं की आधी चोच उघडून जीभ बघायची. मग नवरा तिकडंच तापानं गेला. आणि पुढच्या उन्हाळ्यात मानमोडी आली — कोंबड्या माना टाकून पटापट मेल्या. वाचला तो एक कोंबडा, नवऱ्यानं शेवटच्या खेपेला आणलेला. आणि एक तलंग, अजून अंड्यावर न आलेली कोवळी कोंबडी, तिनं स्वतःच्या हातानं वाढवलेली. बस. एवढीच जोडी उरली.

तलंग अंड्यावर आली तेव्हा गौराक्का म्हणाली, "शेवंते, ह्या येळची अंडी कुनालाबी द्यायची न्हाईत. जात ऱ्हायली पायजे."

आणि त्याच आठवड्यात तिला लेकीच्या बाळंतपणाला करकंबला जावं लागलं. खुराडं माझ्यावर सोपवलं. रोजचं अंडं उचलायचं, कोंड्याच्या मडक्यात ठेवायचं, तलंगीला बाहेर सोडायचं नाही.

आता आमच्या घरचं सांगते. आमचे हे गिरणीत, कार्डिंग खात्यात. कापसाची धूळ छातीत बसलेली. खोकला सुरू झाला की भिंत धरून वाकायचे, डोळे पांढरे व्हायचे. दोन खाडे झाले की त्यांच्या जागी बदलीवाला उभा — आणि काम गेलं की खोलीही गेली. लेक अंगावर पीत होती. मी काय करणार होते? एका वैदूनं दारात बसून सांगितलं होतं, काळ्या कोंबडीचं अंडं द्या, छाती मोकळी होईल. ती कोंबडी तर भिंतीपलीकडं होती.

पहिल्या दिवशी अंडं हातात घेतलं, ते अजून ऊन होतं. कोंबडी काळी, पण अंडं आपल्या गावठी कोंबडीसारखंच. ते मी दुधात फेटून ह्यांना दिलं. मानमोडीनंतर मीही एक गावठी कोंबडी पाळली होती, मडक्यात तिचं अंडं ठेवलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा. मग रोज. ह्यांना सांगितलं, आपलीच अंडी आहेत. खोकला कमी झाला का? मला तसं वाटायचं. मनाची तशी समजूत घालायचीच मी.

गौराक्का परत आली. मडकं बघून तिनं माझ्या पाठीवरून हात फिरवला. तलंग खुडूक होऊन उबवायला बसली होती. तिच्याखाली तिनं ती अंडी बसवली — माझ्या कोंबडीची.

पण अंडी चोरली, एवढंच सांगायला मी बसलेली नाही. नवऱ्यासाठी चोरली, असं म्हणून मी स्वतःला माफ केलंही असतं.

पिल्लं निघाली. तांबडी, पांढरी, ठिपक्यांची. गौराक्का एकेकाची चोच उघडत होती, आणि आत गुलाबी जीभ. तिनं माझ्याकडं पाहिलं.

"तलंग भाईर सोडली हुतीस का गं?"

"न्हाय आक्का."

"अंडी तिचीच हुती न्हवं?"

"तिचीच की."

तिनं हातातलं पिल्लू खाली सोडलं. मग म्हणाली, "म्हंजे कोंबडाच खोटा, वरनंच काळा. फसवलं त्येला कुनीतरी. न्हायतर त्येनंच मला फसवलं." मेलेल्या नवऱ्याबद्दल बोलत होती ती. मी तिथंच उभी होते. तिनं विळी आणली, तरी उभीच होते.

कोंबडा कापला. पिसं काढली. आत मांस काळं — शाईसारखं. हाड मोडून बघितलं, तेही काळं.

गौराक्का मटकन खाली बसली. "ह्यो तर खरा हुता गं," म्हणाली. "खरा हुता की ह्यो!" आणि तिनं मान वर करून माझ्याकडं बघितलं. तेव्हा बोलायला हवं होतं मी. एक तलंग अजून जिवंत होती. खांडव्याला तिच्या नवऱ्याच्या ओळखीचे लोक होते, दुसरा कोंबडा मिळालाही असता. सगळं सावरलं असतं. तिच्या नजरेत संशय होता की नुसतं दुःख — मला आजही ठरवता येत नाही. मी घाबरले. आणि माझ्या तोंडून निघालं, "मग तलंगच खोटी असंल आक्का."

का बोलले? कुणी विचारलं होतं मला?

ती हळूच म्हणाली, "व्हय. माजाच हात चुकला असंल." संध्याकाळी कोंबड्याचा रस्सा वाटीत घालून ती आमच्या दारात आली, ह्यांच्या छातीसाठी. मागोमाग तलंग पायाला धरून आणली. "ही बी ने. मला बघवत न्हाय. कापून घाल त्येस्नी." मग थांबून म्हणाली, "अगं, एवडा खोकला हाय तर आदी सांगायचं की. दोन-चार अंडी दिली असती मी. तू परकी हाईस का?"

मी तलंग कापली. आत काळी. हाडापर्यंत काळी, कोंबड्यासारखीच. मी ती हाडं फडक्यात गुंडाळून लांब उकिरड्यात पुरली.

सकाळी नळावर गौराक्का भेटली. घागर भरत होती, माझ्याकडं न बघता तिनं विचारलं, "काय निगालं आत?"

मी म्हटलं, "पांढरं."

"बरं," म्हणाली ती, आणि घागर उचलली.

तिनं खुराडं मोडून सरपणात घातलं. पुन्हा कोंबडी पाळली नाही. ह्यांचा खोकला गेला नाही. पुढं तीन वर्षांनी हे गेले, तेव्हा गौराक्काच माझ्याजवळ बसून होती. नंतर ती लेकीकडं करकंबला राहायला गेली. आजारी आहे असं कळलं, म्हणून मी एकदा भेटायला गेले. सांगायचं ठरवूनच गेले होते. तिनं उठून बसून माझा हात हातात घेतला, लेकीला माझ्यासाठी चहा टाकायला लावला.

मी चहा घेतला, आणि परत आले.