काय ठरवायचंय, ते आधी सांगा

वेन सू-च्यूला राग आला की ती आवाज चढवत नसे. समोरच्याच्या कपात चहा ओतणं थांबवायची. तैवानातल्या तायचुंगमध्ये तिचं बाजार-पाहणीचं छोटंसं कार्यालय होतं. तैपेईतली मोठ्या कंपनीतली नोकरी तिनं चाळिशीत सोडली, कारण तिथं उत्तर साहेबांच्या खिशात तयार असायचं आणि प्रश्न मागाहून त्याच्या मापानं शिवले जायचे. नवरा म्हणायचा, "तुझं कुणाशी जमायचं नाही." त्याच्याशीही नाहीच जमलं.

चांगह्वाहून श्याओ छी-मिंग तिच्याकडे आला. मुलीच्या साखरपुड्याला नातलगांत वाटतात त्या मोठ्या गोल केकांचा वडिलांचा कारखाना आता तो बघत होता. विक्री पार बसली होती.

"तरुण पोरींना कुठली चव आवडते, एवढं शोधून द्या. हजारेक जणींना विचारा."

"समजा कळलं. मग तुम्ही काय कराल?"

"आधी कळू तर द्या, मॅडम."

"मुगाचं सारण म्हणाल्या तर काय कराल? चॉकलेट म्हणाल्या तर?"

"मी पाहणी मागायला आलोय. परीक्षा द्यायला नाही."

त्याचा कप रिकामाच राहिला. तरी तिनं नाही म्हटलं नाही. आधी जागा बघते म्हणाली आणि चांगह्वाला गेली.

कारखान्यात म्हातारे श्याओ मुगाचं सारण घोटत होते. शेजारी मेइ-युन मावशी कणीक मळत होती. स्वतःच्या लग्नाआधीपासून ती तिथंच कामाला होती.

"विक्री का हो घटली, काका?"

"लग्नंच कुठं होतात, बाई? झालीच तर नवरी चार डबे नेते. पूर्वी अख्ख्या गल्लीला वाटायचे." मग हातातल्या पळीनं त्यांनी समोरची भिंत दाखवली. "ही पाडायचीय. जपानचं बिस्किटांचं यंत्र येतंय. छी-मिंग म्हणाला, पाहणीत तसंच निघणार आहे."

सू-च्यूची कानशिलं तापली. ती तशीच अंगणात गेली. छी-मिंग गाडी पुसत उभा होता.

"यंत्र ठरलंय आणि मला सांगता चव शोधा?"

"वडिलांना पटायला काहीतरी हवं ना."

"म्हणजे बापाशी बोलायची हिंमत नाही, म्हणून हजार पोरींच्या तोंडून वदवून घ्यायचंय."

"आमच्या घरात पडू नका तुम्ही."

"प्रश्न घरातच आहे. तो बाजारात शोधत फिरणाऱ्यांपैकी मी नाही."

छी-मिंगनं दुसरी कंपनी धरली. त्या कंपनीनं रंगीत चित्रांचा जाडजूड अहवाल दिला. पोरींना बिस्किटं फार आवडतात असं त्यात निघालं. यंत्र आलं, भिंत पडली, मेइ-युन मावशीला घरी पाठवलं. मोठ्या भट्टीवर केक मात्र म्हातारे एकटेच करत राहिले. बिस्किटं चांगली होती. तशी कोपऱ्यावरच्या प्रत्येक दुकानात मिळत होती.

दीड वर्षानं तो पुन्हा सू-च्यूच्या दारात उभा राहिला. तिनं त्याला बसा म्हटलं नाही. कोरा कागद मात्र पुढं सरकवला.

"काय ठरवायचंय ते एका वाक्यात लिहा. उत्तर आलं की काहीतरी करावं लागेल, असं लिहा."

त्यानं आधी लिहिलं, 'विक्री का घटली'. तिनं ते खोडलं. मग 'ग्राहकांचं समाधान'. तेही खोडलं. दुपार कलली. शेवटी त्यानं लिहिलं: 'बाबा आहेत तोवर केक चालू ठेवायचे, की बंद करायचे?'

"हे हजार पोरी सांगतील?"

"नाही."

"कोण सांगेल?"

त्यानं पेन खाली ठेवलं. "बाबा."

"मग इथं काय करताय?"

पूर्वजांच्या थडग्यांवरचं गवत काढायला बापलेक डोंगरावर गेले, तेव्हा त्यानं विचारलं. म्हातारे म्हणाले, मी कधीचा थकलोय, मोठी भट्टी बंदच करायची होती, पण तुला वाईट वाटेल म्हणून बोललो नाही. आता छोट्या भट्टीवर फक्त मागणीपुरते केक होतात.

हे सगळं सांगून आभार मानायला छी-मिंगनं फोन केला. ऐकता ऐकता सू-च्यूचा राग वाढतच गेला. घरातल्या घरात एकच प्रश्न विचारायचा होता, त्याला दीड वर्ष लागलं.

"आभार राहू देत. मेइ-युन मावशीला परत बोलावलंत?"

"बोलावलं होतं, मॅडम. नाही म्हणाली. मळायची सवय गेली म्हणते."

सू-च्यूनं फोन ठेवला. त्या दिवशी आलेल्या दुसऱ्या ग्राहकाला तिनं फार वाईट वागवलं.