दोन्ही डावेच

नारायण पेठेतल्या आमच्या कॉम्प्युटरच्या कीबोर्डच्या वर्कशॉपचे मालक कधी ओरडत नाहीत. नुसतं "अहो" म्हणतात. तेवढ्यानं मी हातातलं काम खाली ठेवते. मी चंद्रपूरकडची, नववीत शाळा सोडलेली. सोल्डरिंग त्यांनीच शिकवलं.

परवा दोन तुकड्यांचा कीबोर्ड होता, एक डाव्या हाताचा, एक उजव्या हाताचा. बोर्ड सारखेच, उजव्याचा फक्त पालथा घालून सोल्डर करायचा. मी दोन्ही डावेच केले. आता गावाची गाडी धरावी लागणार, असं वाटलं.

भिंगातून बघत ते म्हणाले, "अहो, गिऱ्हाइकाला दोन डावे हात आहेत का, विचारलंत?"

गिऱ्हाईक आलं तेव्हा मात्र म्हणाले, "चूक माझी. परवा या."

मग माझ्यापुढे दोन नवे बोर्ड ठेवले. एकावर चिठ्ठी चिकटवली होती: 'उजवा. आपण जेवता तो.'