थुंकीच तर द्यायचीय

"तोंड उघड. मोठं. अजून मोठं."

हे मराठीत ऐकलं म्हणून जास्त लागलं. चेन्नईबाहेरच्या त्या पोलीस ठाण्यात बाकी सगळे तमिळ बोलत होते. मराठी बोलणारे एकटेच, आमच्या कारखान्यातले एचआरचे सर. पुण्याचे. मी तोंड उघडलं. पांढऱ्या कोटातल्या माणसाने कापूस लावलेली लांब काडी माझ्या गालाच्या आत घालून घासली. आधी एक गाल, मग दुसरा. काडी नळीत टाकली, नळीवर माझं नाव चिकटवलं. मला उमासा आला. दाराशी उभी असलेली महिला पोलीस हसली.

आम्हा सहा जणींना धरून आणलं होतं. इरुंगाट्टुकोट्टैच्या कारखान्यात आम्ही गाड्यांचे सुटे भाग बनवायचो. माझ्या खोलीत राहणारी सेल्वी पत्रा दाबायच्या प्रेस मशीनवर होती. हात आत गेला की मशीन थांबवणारा सेन्सर माल लवकर निघावा म्हणून कंपनीनेच बंद करून ठेवला होता. तिची दोन बोटं गेली. कंपनी म्हणाली, तिचाच निष्काळजीपणा. आम्ही गेटसमोर बसलो. घोषणा दिल्या, गाड्या अडवल्या. पोलीस आले, व्हॅनमध्ये घातलं.

ठाण्यात सगळ्यांच्या बोटांचे ठसे घेतले, फोटो काढले. तिथवर सगळ्या सारख्या. मग इन्स्पेक्टरने माझं आधार कार्ड बघितलं आणि सरांना काहीतरी विचारलं. सर इंग्रजीत बोलत होते. माझं इंग्रजी बेताचं, पण दोन शब्द कळले. 'क्रिमिनल' आणि 'ब्लड'.

सरांना माझी जात ठाऊक होती. दोन वर्षांपूर्वी गणपतीला आम्हा मराठी मुलींना त्यांनी वेलचेरीच्या फ्लॅटवर जेवायला बोलावलं होतं. मॅडमनी मोदक वाढले. आडनावावरून काही कळेना, तेव्हा सरांनी हसत हसत सरळच विचारलं. मीही सांगून टाकलं, पारधी. लाज कसली? ताटावरून कोणी उठवलं नाही. पण पुढच्या वर्षी बाकीच्या मुलींना बोलावणं गेलं, मला आलं नाही.

बाकीच्या पाच जणी बाकावर बसून राहिल्या. काडी एकटीच्या तोंडात गेली. मी सरांकडे बघितलं. ते म्हणाले, "अगं, घाबरतेस काय? थुंकीच तर द्यायचीय. तुमच्याकडे हे काही नवीन नाही ना?"

नवीन नव्हतं. तेच तर.

इंग्रजांनी आम्हाला जन्मतःच गुन्हेगार ठरवलं. तो कायदा गेला. सवय राहिली. आमच्या तालुक्यात कुठे घर फुटलं की जीप आधी आमच्या पालांकडे वळायची. माझ्या बाला किती वेळा उचलून नेलं त्याचा हिशोब माय पण ठेवत नव्हती. तो परत आला की बोटांची शाई दगडाने घासत बसायचा. मला तर वाटायचं, मोठी माणसं अशीच असतात, बोटं काळी असलेली. मी आयटीआय केलं, गाडीत बसले, दोन दिवसांच्या प्रवासानं इकडे आले. म्हटलं, इथे कुणाला आपली भाषा कळत नाही, आपली जात तरी कुठून कळणार? पोचवायला आपलाच माणूस बसला होता.

जामीन झाला. कामावर कुणालाच परत घेतलं नाही. मी थकले होते. सेल्वी विचारायची, "अक्का, काय झालं?" मी म्हणायचे, काही नाही. तिची तर बोटं गेली होती. तिच्यापुढे माझ्या गालाचं काय सांगायचं?

मग गावाहून धाकट्या भावाचा फोन आला. तो पोलीस भरतीची तयारी करतो. पहाटे धावतो, गोळा फेकतो. म्हणाला, "ताई, हवालदार आला होता. म्हणला, तुझी बहीण मद्रासला धरली, तिकडून चौकशी आली. तिचं रक्तबिक्त घेतलंय म्हणं. आता तू पण ठाण्यात येऊन देऊन टाक. तुमचं एकच असतंय."

"तू काय म्हणालास?"

"काय म्हणणार? मला भरतीला त्याच ठाण्याचा दाखला लागतो."

मी फोन ठेवला आणि भिंतीला टेकून बसले. तेव्हा कळलं. त्या नळीत मी एकटी नव्हते. मेलेला बा होता. माय होती. भाऊ होता. उद्या मला लेकरू झालं तर तेही होतं. अजून जन्मलं नाही आणि त्याची हजेरी ठाण्यात लागली. बाची शाई निदान दगडाने निघायची.

त्या दिवशी मी सेल्वीला सगळं सांगितलं. ती मला तिच्या वकीलबाईंकडे घेऊन गेली. त्या तिची नुकसानभरपाईची केस बघत होत्या. तमिळ बाई, हिंदी तोडकंमोडकं. माझं ऐकून त्यांनी चष्मा काढला. म्हणाल्या, तुमच्यावरच्या असल्या कलमात अंगातला नमुना जबरदस्तीने घेता येत नाही, नको म्हणायचा हक्क आहे. हे कुणी सांगितलं नाही का? मी म्हटलं, नाही. सांगणारे सरच होते. मग त्यांनी हेही सांगितलं की अशी नोंद पंचाहत्तर वर्षं ठेवता येते. मी मरून जाईन, नळीतली मी ठाण्यातच राहीन.

थोड्या दिवसांनी ठाण्यातून पुन्हा बोलावणं आलं. आधीचा नमुना खराब झाला, दुसरा द्या. वकीलबाई कोर्टात अडकल्या होत्या. सेल्वी म्हणाली, मी येते. गेलो दोघी. सर आधीच येऊन बसले होते. तोच पांढरा कोट, तसलीच काडी.

सर म्हणाले, "आलीस? छान. पटकन दे आणि मोकळी हो. तुझ्या कामाचंही बघतो मी."

मी त्यांच्याशी बोललेच नाही. इन्स्पेक्टरसमोर उभी राहिले. तीन वर्षं मशीनवर ऐकून जेवढी तमिळ आली होती, तेवढीच होती. तेवढी पुरली.

"कुडुक्क माट्टेन," मी म्हटलं. देणार नाही.

सर म्हणाले, "अगं वेडे, काय बोलतेस तू? सर, शी डझन्ट अंडरस्टँड..."

"मला कळतंय," मी त्यांना मराठीत म्हटलं. "माझ्या वतीनं बोलू नका."

इन्स्पेक्टर ओरडला. टेबलावर हात आपटला. माझ्या बाला पोलीस ऐकवायचे तसले शब्द असतील, तमिळमधले. मी उभी राहिले. सेल्वीने तिच्या धड हाताने माझा दंड धरून ठेवला होता. मी वकीलबाईंना फोन लावला, त्यांनी इन्स्पेक्टरला कलम सांगितलं. काडी पाकिटात परत गेली.

जिंकले असं कुणी समजू नये. आमच्यावरची केस कंपनीशी तडजोड होऊन मिटली. सेल्वीला थोडे पैसे मिळाले. पाच जणी कामावर परत गेल्या. मला मात्र कारखान्याला कामगार पुरवणाऱ्या कंत्राटदाराने घेतलं नाही. आता शोळिंगनल्लूरला एका सॉफ्टवेअर कंपनीच्या इमारतीत फरशी पुसते. पहिला नमुना नष्ट करा म्हणून कोर्टात अर्ज केलाय. पोलीस एकदा म्हणतात तो खराब झाला, एकदा म्हणतात तो प्रयोगशाळेत आहे. तारखा पडतात. बसमध्ये उभ्याने झोप लागते.

भावाने हवालदाराला नाही म्हणून सांगितलं. दाखला अडकलाय. तो माझ्याशी नीट बोलत नाही. मायचा फोन येतो. "पोरी, सोड आता. थुंकलं ते थुंकलं. कशाला मोठ्या लोकांशी?"

मी तिला समजावत नाही. दमलेय. पण एवढं मला पक्कं ठाऊक आहे. माझं रक्त चोराचं नाही, हे मी कुणालाही सिद्ध करून दाखवणार नाही. बाने जन्मभर तेच केलं आणि त्यातच गेला. मी फक्त माझं आहे ते परत मागतेय. या कोर्टाने नाही म्हटलं तर वरच्या कोर्टात मागेन.

पुढची तारीख सोमवारी आहे. सुपरवायझरने बजावलंय, सोमवारी रजा घेतलीस तर परत येऊ नकोस.

मी सोमवारी कोर्टात जाणार आहे.