पितळी घागर डाउनलोड करा

मी आजवर विकलेली सगळ्यात जास्त खपाची घागर अस्तित्वातच नव्हती.

भंडाऱ्यात आमचं पितळी भांड्यांचं दुकान आहे. मुलगी प्राजक्ता मात्र कॉम्प्युटरवर गेम बनवते. तिच्या गेममध्ये एक बाई तलावावरून मडक्यात पाणी घेऊन घरी निघते. वाटेत कुत्री, बैल, सायकलवाले आडवे येतात. मडकं फुटलं की खेळ खलास! गेम फुकट, पण न फुटणारी पितळी घागर हवी असेल, तर ती चहा-पोह्याच्या भावात प्राजक्ताच्या वेबसाइटवरून विकत घ्यायची. मध्ये दुकानदार नाही, दलाल नाही. (आमच्याकडे घागरीला गुंड म्हणतात. पण लांबचे खेळाडू घाबरतील म्हणून तिनं ‘घागर’च लिहिलं.)

बँकेचं खातं माझं, म्हणून ऑर्डरचे मेसेजही माझ्याच फोनवर येणार होते. घागर विक्रीला ठेवली आणि प्राजक्ता मैत्रिणीच्या लग्नासाठी चार दिवस नागपूरला निघाली.

“बाबा, ऑर्डर येतील. तुम्ही काहीच करू नका.”

“काहीच?”

“काहीच नाही. लोक पैसे भरतात, घागर आपोआप डाउनलोड होते.”

“आन् लोकाईच्या घरी कोण पोचवते?”

“घागर फोनातच राहते, बाबा!”

मी मान हलवली. (काही समजलं नाही की मी मान हलवतो. माझं लग्न असंच ठरलं.)

दुपारी पहिली ऑर्डर आली. वरठीचा कोणी गजानन. पैसे जमा, आणि माल आमच्याच फळीवर! इतकी वर्षं दुकानात बसलो, पण गिऱ्हाइकाचे पैसे घेऊन त्याला रिकाम्या हातानं कधी पाठवलं नाही. जेवण गोड लागेना. शेवटी ऑर्डरवरच्या नंबरला फोन लावला.

“तुम्ही घागर घेतली ना जी?”

“हो काका, भेटली ना. मस्त आहे!”

“कशी भेटन? घागर तर माझ्याजवळ आहे!”

पलीकडून हळूच आवाज आला, “मग... आणून देता का?”

मी घागर स्कूटरला बांधली. बायको सुनंदा दारात उभी.

“अवो, भर उन्हात कुठी चालले?”

“होम डिलिव्हरी!” मी ऐटीत म्हणालो आणि किक मारली.

गजानन पोलाद कारखान्यातून नुकताच ड्युटी करून आला होता. घागर पाहून तो बघतच राहिला. त्याच्या आईनं ती बोटानं वाजवून पाहिली आणि मुलाला म्हणाली, “आजपासून तू खुशाल गेम खेळ.”

त्या पोरानं संध्याकाळी गेमखाली लिहिलं : ‘पितळी घागर नक्की घ्या. काका खरी घागर घरी आणून देतात!’

त्यानंतर माझा फोन जो थरथरायला लागला, तो थांबेचना! मला वाटलं, पोरगी धंद्यात बापाच्या पुढे गेली. मी जवाहरनगरला ऑटोनं घागरी धाडल्या, तुमसरला आणि पवनीला एसटीनं. एकानं तक्रार केली, “गेममधल्या घागरीवर मोर आहे, तुमच्या घागरीवर नाही!” खरंच होतं. कारागिराला बसवून उरलेल्या सगळ्या घागरींवर मोर कोरून घेतले. जर्मनीहून एका बाईंची ऑर्डर आली. त्यांना मी नम्रपणे कळवलं, “ताई, आमची एसटी तिकडं येत नाही. नागपूरच्या स्टँडवर येऊन घेऊन जा.”

तिसऱ्या दिवशी सुनंदा दुकानात डोकावली.

“अवो, घागरी कुठी गेल्या?”

“खपल्या!”

“कोणत्या भावानं?”

मी वेबसाइट उघडली. भाव मीही तेव्हाच नीट पाहिला. मग आम्ही दोघांनी तो भाव पाहिला, रिकामी फळी पाहिली आणि पुन्हा भाव पाहिला.

“चहा-पोह्याच्या भावात पितळ?” सुनंदा ओरडली. “बाप्पा! असा नवरा कुठी डाउनलोड झाला माझ्यासाठी!”

दुसऱ्या दिवशी प्राजक्ता परतली. रिकामं दुकान पाहून घाबरली.

“बाबा, चोरी झाली का?”

“नाही. तुझी घागर हिट झाली.”

सगळं ऐकून ती खालीच बसली. मग आधी हसली, मग रडली, आणि त्यानंतर तिनं वेबसाइटवर मोठ्या अक्षरांत लिहिलं : ‘खरी घागर मिळणार नाही. काकांना फोन करू नये.’ गेलेल्या घागरी परत मागायला मी आधी वरठीला गेलो, तर गजाननच्या आईनं पाणी भरलेली घागर दाखवली, चहा पाजला आणि विचारलं, “गेमात आंघोळीचं गंगाळ नाही का जी?”

नुकसान भरून काढायला प्राजक्तानं गेममध्ये विकत घ्यायची एक नवी वस्तू आणली : ‘घागरवाले काका’. माझ्याच मिशा, माझीच स्कूटर. काका “घागर घ्या, घागर घ्या!” करत खेळणाऱ्याच्या मागे लागतात आणि त्यांना तलावात ढकललं की शंभर गुण! हे काका असे खपले, की दोन महिन्यांत दुकानाच्या फळ्या पुन्हा भरल्या. आता रोज जगभरातली माणसं पैसे मोजून मला पाण्यात ढकलतात. जर्मनीच्या बाईंनी तर पहिल्याच दिवशी काका विकत घेतले.

परवा सहज गुणांची यादी उघडली. सगळ्यात वर नाव होतं सुनंदा, भंडारा. मी ताडकन स्वयंपाकघरात गेलो. ती फोनमध्ये डोकं घालून बसली होती.

“अवं, हे काय करून राहिली?”

“थांबा जरा,” ती मान वर न करता म्हणाली, “तुमाले ढकलून राहिली ना!”