कोणाकडची?

"ऊठ. ऊठ म्हणते ना."

तिनं माझा दंड धरला होता. माझ्या तोंडात घास होता. पंगत अर्धी जेवून झाली होती. शेजारच्या बायका मान न वळवता बघत होत्या.

ती नवरदेवाची मावशी होती. मला ते माहीत नव्हतं. म्हणून तर सापडले.

मी सातवीत होते. हिंगोलीच्या एका मंगल कार्यालयात आई झाडलोट करायची, भांडी घासायची. आम्ही राहायचोही तिथंच. वडील गेल्यावर चुलत्यांनी आम्हाला घराबाहेर काढलं होतं. शहरात खोल्या रिकाम्या होत्या. घरमालकीण खोली दाखवायची, नळ दाखवायची, मग विचारायची, "आडनाव काय तुमचं?" आई सांगायची. आम्ही बौद्ध आहोत हे कळायचं. मग ती खोली पाहुण्यांसाठी राखून ठेवलेली निघायची.

शेवटी कार्यालयाच्या मालकानं नवरीच्या खोलीत झोपू दिलं. लग्न नसेल तेव्हा. अट एकच, कुणाला कळता कामा नये. लग्नाच्या दिवशी आमचं अंथरूण सतरंज्यांच्या ढिगामागं जायचं. आई कामाला लागायची आणि मी पाहुणी व्हायचे.

लग्नात सगळे सगळ्यांना ओळखत नसतात. आईनं शिकवून ठेवलं होतं, "आग्रह करू करू वाढतेत ते नवरीकडचे. त्यांनी इचारलं तर म्हन, नवरदेवाकडची. बसल्या जागी हुकूम सोडतेत त्यांला म्हन, नवरीकडची." सांगताना ती हसायची. "सारा जिल्हा सोयरा झाला बघ आपला."

शाळेतल्या मैत्रिणी विचारायच्या, घरी येऊ का? मी म्हणायचे, आमच्याकडं पाहुणे आलेत. ते खोटं नव्हतं.

त्या दिवशी लग्न नवरदेवाच्या घरच्यांनी केलं होतं. वाढायलाही त्यांच्याच बायका होत्या. आईच्या शिकवणीत हे बसत नव्हतं. मावशीनं आग्रहानं बुंदी वाढली आणि विचारलं, "कोणाकडची गं तू, बाळा?"

"नवरदेवाकडची."

"आमच्याकडची? कोणाची लेक?"

मी घास तोंडात घातला. तिनं मला निरखलं आणि ओळखलं. तिच्याच माडीवरची खोली आम्ही मागितली होती.

"अगं बाई! खोली मागायला आलती ना ती, तिची पोरगी ही. आता आपल्या पंगतीत बसून राहिले हे लोक. ऊठ."

भरल्या ताटावरून कुणाला उठवू नये, हे याच बायका आपल्या लेकरांना शिकवतात.

आई मोरीवरून धावत आली. हात जोडले. जोडलेल्या हातांवरून साबणाचा फेस गळत होता. "चुकलं बाई. पाव्हण्याकडं राहतं लेकरू, आज मला भेटाया आलं. भूक लागली असंल, बसलं."

अजूनही ती लपवत होती. नवरीची खोली वाचवत होती. मला ते समजत होतं. मी नुसती मान खाली घातली असती तर खोली राहिली असती.

"न्हाई," मी म्हणाले. "आमी इथंच राहतो. नवरीच्या खोलीत. तुमी खोली दिली न्हाई म्हनून."

आवाज मोठा नव्हता. तरी पंगत थांबली. मागून एक बाई म्हणाली, "नवरीच्या खोलीत? हे?"

पंगती उठल्यावर मालकानं सामान उचलायला सांगितलं. तो चिडलाही नाही. "मी कधी नाही म्हनलो होतो का? तोंड उघडायची काय गरज होती?"

वारंगा फाट्याला जाणाऱ्या काळी-पिवळी जीपमध्ये आईनं बोचकं मांडीवर घेतलं. मग एवढंच म्हणाली, "काहून बोललीस?"

"घास तोंडात व्हता, आई."

तिनं तोंड फिरवलं. फाट्यावर टायरच्या दुकानामागच्या पत्र्यात आम्ही राहिलो, मग आणखी कुठं कुठं. प्रत्येक ठिकाणी तिनं मला नवं उत्तर शिकवलं. मी एकही दिलं नाही. त्यावरून आमचं भांडण व्हायचं. मी शिकले, नोकरीला लागले, तरी ते मिटलं नाही.

आई गेली. परवा पुण्यानुमोदन आहे, तिला आदरांजली वाहायची सभा. भेटायला येणारे म्हणतात, "लई सोसलं, पन कुनाला कळू दिलं न्हाई. अशी बाई व्हनं न्हाई." मी मान हलवते. थकले आहे. पण हे कौतुक तिच्या फोटोला हारासारखं घालू देणार नाही. कळू न देणं हा तिचा स्वभाव नव्हता. ते भाडं होतं. जन्मभर तिनं ते भरलं.

परवा मी उठून बोलणार आहे. माझ्या आईला हिंगोलीत घर नव्हतं आणि खोल्या रिकाम्या होत्या. कोणत्या गल्लीत, कोणाच्या माडीवर, तेही सांगणार आहे. रीत म्हणून त्या घरमालकांतले काही जण येतील. त्यांच्यासमोर, नावं घेऊन.